बुसानमध्ये हात दाखवला

शाळा सातवीतच सुटली आणि पुढे मी जहाजावर भांडी घासायला लागलो. एका उन्हाळ्यात दक्षिण कोरियातल्या बुसान बंदरात दिवसभर शहर फिरायला मिळालं. उतरताना आमचा आचारी म्हणाला, "सहाच्या आत ये रे. जहाज म्हणजे तुमची मुरबाडची जीप नाय, भरेपर्यंत थांबायला!"

वाळूचा किनारा, डोंगरावरची रंगीत घरं पाहिली, पण लक्ष सगळं घड्याळात. परतताना गावच्या सवयीने रस्त्याकडेला उभा राहून बसला हात दाखवला. बस निघून गेली. दुसरीही गेली. तेवढ्यात मासळी विकणाऱ्या एका आजीने माझ्या गळ्यातला बंदराचा पास पाहिला, वर केलेला हात धरला आणि मला कोपऱ्यावरच्या थांब्यावर नेलं. बस आल्यावरच हात सोडला.

वेळेत शिडी चढलो. हाताला मासळीचा वास होता. भांडी घासायला बसेपर्यंत तो तसाच ठेवला.