ओहोटीला निघणारी होडी

ओहोटी लागली की प्रमोदिनीबाईंचं घरात लक्ष लागत नसे. आमटीत मीठ पडलं की नाही, हेही कळत नसे. रतन खाडीपलीकडे गेली असेल तर परत कशी येईल, आणि घरी असेल तर पलीकडून बोलावणं तर येणार नाही ना, या दोन काळज्या आळीपाळीने त्यांच्या मनात येत. करंज्याला बंदराच्या अंगाला घर घेतल्याचा अशा वेळी त्यांना पश्चात्ताप होई. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसे.

रतन त्यांची एकुलती एक. मुंबईला सुईणपणाचं शिक्षण घेऊन ती इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या स्वतः कॉलेजात शिकलेल्या, नवऱ्यामागे शाळेत शिकवून मुलीला वाढवलेल्या.

रतन अंगाने ठेंगणी, चालायला भरभर. खाडीकाठच्या चिखलातून लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून जायची. घरातल्या कुठल्याही पातेल्यात कात्र्या उकळायची. आजचं वरण कशात शिजलंय हे विचारल्याशिवाय बाई पानावर बसत नसत. पलीकडच्या रेवसच्या बाजूला तिच्या हातून जन्मलेली पोरं आता रांगायचं सोडून पळायला लागली होती.

यंदा, एकोणीसशे चौतीसच्या पावसाळ्याअखेर, रेवसच्या अडलेल्या कमळचं बोलावणं आलं तेव्हा नेमकी ओहोटी होती. अंबाजी नाखवाची जड होडी चिखलात रुतलेली. "आता न्हाय, बाय. भरती येऊं दे," तो म्हणाला. रतन पिशवी मांडीवर घेऊन धक्क्यावर बसून राहिली. ती पोचली तेव्हा मूल रडत होतं आणि कमळ गेली होती. त्या दिवसापासून रतन पिशवी दाराशी ठेवून घरात उभ्यानेच जेवायला लागली.

दसरा झाला आणि बंदरावर बातमी आली, की खाडीकाठच्या बंगल्याचे मालक जालशेठ विलायतेला चाललेत आणि मागे इंजिन लावलेली त्यांची लहान होडी विकायची आहे. रतनने त्याच दिवशी विषय काढला. वाडी विकून आलेला पैसा आईच्या नावावर होता, तेव्हा हो किंवा नाही आईनेच म्हणायचं होतं.

"बघायला काय जातंय?" बाई म्हणाल्या.

बंगल्याच्या माळ्याने, सदाने, इंजिनावरचं फडकं दूर केलं. इंजिन लखलखत होतं आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा सुकलेला हार होता.

"पाण्यात पडलं होतं म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"जरासं, बाईसाहेब. होडीला बसवायचा पेच सैल राहिला नि गेलं खाली. दुसऱ्या ओहोटीला गावलं चिखलात. मी चांगलं धुतलं, उन्हात वाळवलं, खोबरेल चोळलं. खंडेनवमीला पूजाही केली."

होडी पारखायला बरोबर आणलेल्या अंबाजीने इंजिनाकडे पाहिलंच नाही. तो होडीखाली वाकून फळ्यांवर बोटं वाजवत होता. "होरी चांगली हाय, बाय. अंगानं हलकी. ओहोटीला पन चिखलावरून ढकलता येल. आमची म्हंजे म्हस, बसली की बसली."

"आणि इंजिन?"

"त्याचं मना नको इचारू. हार घातलेलं इंजन मी पयल्यांदाच बगतोय."

होडी पाण्यात ढकलून सगळे बसले आणि सदाने इंजिनाची दोरी गुंडाळून ओढली. तिसऱ्या खेपेला इंजिन फुरफुरलं आणि होडी धूर सोडत सुसाट निघाली. रतन पुढे बसली होती. तोंडावर पाणी उडालं तशी ती मोठ्याने हसली. बाईंनी ते हसू बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

खाडीच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. सदा दोरी ओढून ओढून घामाघूम झाला. ओहोटीचं पाणी होडीला समुद्राकडे नेऊ लागलं. अंबाजीने पायाखालची वल्ही उचलली.

"सदाभाव, तुज्या देवाला आता निजू दे," म्हणत त्याने होडी वळवली.

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला. आता नाही म्हणायला कारण मिळालं.

"आई," रतन हळूच म्हणाली, "बंद पडलं म्हणून तुला बरं वाटलं."

"काहीतरीच काय!"

"तोंडावर दिसतंय तुझ्या."

घरी रतनने ताट हातात घेतलं आणि चुलीपाशी उभी राहिली. "मुंबईला इंजिन उघडून नीट करता येईल," ती म्हणाली.

"इंजिन बंद पडेल याचं भय नाही मला. अंबाजी नाही म्हणाला की तू थांबतेस. इंजिन असलं की कुणाचं ऐकशील?"

रतनने घास तसाच धरला. "कमळही थांबली होती, आई. माझ्यासाठी."

बाई खिडकीकडे वळल्या. त्या दिवशी याच खिडकीतून त्यांनी रतनला धक्क्यावर बसलेलं पाहिलं होतं. होडी निघत नाही म्हणून देवापुढे हात जोडले होते, निवांतपणे तांदूळ निवडले होते. पलीकडे कमळ कळा देत होती ती त्याच वेळी. आपण निवांत घालवलेली ती वेळ कमळच्या वाटणीची होती, हे त्यांना आज पहिल्यांदा लख्ख कळलं. इंजिन बिघडलंय हे खरं होतं. पण होडी बिघडलेली नव्हती, आणि ते अंबाजीने सांगितलेलं त्यांनी सोयीने ऐकलं नव्हतं.

त्यांनी खुंटीवरची शाल घेतली.

"कुठे निघालीस?"

"टांगा बोलाव. उरणला मिठागराच्या कचेरीत टेलिफोन आहे. मुंबईला जालशेठना सांगते, होडी आम्ही घेतली. अंबाजी आणि त्याचा भाऊ मोरू ओहोटीलाही ती ढकलतील, वल्ही मारतील. इंजिन शेठनी चांगल्या कारागिराकडून उघडून दाखवावं, मग बघू."

"दोन्ही एकदम घ्या म्हणतील, नाहीतर काहीच नाही."

"मग दोन्ही घेईन," चपला शोधत बाई म्हणाल्या. "इंजिन उतरवून ठेवायला पेचच सैल करायचा ना? तो कसा करायचा ते सदाला ठाऊक आहे. आणि मी येईपर्यंत बसून जेव."