आभाळ स्वच्छ होतं

माझे बाबा उज्जैनजवळ भैरवगढला छपाईच्या कारखान्यात कापड धुवायचे, क्षिप्रेत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून. त्यांनी मला लहानपणीच पक्कं शिकवलं होतं: नदीत उतरण्याआधी इंदूरकडचं आभाळ बघायचं. तिकडे काळं असेल तर पाणी चढणार. स्वच्छ असेल तर खुशाल उतरा.

घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. भूगोल घेऊन. भरती-ओहोटीचं उत्तर मी आकृतीसकट लिहिलं होतं. पुढे जे झालं ते अडाणीपणानं झालं, असं कुणी म्हणू नये म्हणून आधीच सांगते.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी आम्ही दोघांनी समुद्र पाहिला नव्हता. टावर चौकातून तंबू भाड्यानं घेतला, दिरांची गाडी मागितली आणि कोकणात निघालो. दोन दिवस गाडी ह्यांनीच चालवली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पोचलो, तर पाणी पार लांब.

"समुद्र सुट्टीवर गेलाय का?" हे म्हणाले.

वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. वाटेत एक ओला, उथळ चर होता. तो ओलांडून गाडी पलीकडच्या उंचवट्यावर नेली.

"प्रोफेसर मॅडम, पाणी इथपर्यंत तर नाही ना येणार?"

मी वर बघितलं. ढगाचा ठिपका नव्हता. "टेंशन नका घेऊ. आभाळ बघा की."

तंबू ठोकून हे आत जाऊन झोपले. ह्यांना पोहता येत नाही.

मी कॅन घेऊन वस्तीत पाणी आणायला गेले. पहिल्याच घरातल्या काकूंनी विहिरीचं पाणी भरून दिलं, ओसरीवर बसवलं. उज्जैनहून आलो म्हटल्यावर त्यांचे प्रश्न संपेनात, आणि मलाही बोलायला आवडतं. दोन तास कसे गेले कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "नि यजमान कुठेत?"

"खाली वाळूवर. तंबूत झोपलेत."

काकूंच्या हातातला कप तिथेच थांबला. "अगो, आज पुनव! बारापर्यंत सगळं भरतंय. पळ!"

मी कॅन टाकून पळाले.

चराची नदी झाली होती आणि उंचवट्याचं बेट. क्षिप्रेचा पूर आवाज करत, झाडं-झुडपं ओढत येतो, तो दिसतो तरी. हे पाणी शांतपणे वाळूवर चढत होतं. तंबूची चेन बंद. मी ओरडत होते, पण वाऱ्यात माझा आवाज तिकडे पोचत नव्हता.

शेवटी हे बाहेर आले. आणि काय केलं? तंबूचे खुंटे उपटायला लागले, भाड्याचा म्हणून. मग धावत गाडीत बसले. चाकं जागेवर फिरली आणि रुतली. घाबरले की माझ्या तोंडून हिंदीच येतं. "छोड़ो गाड़ी! उतरो! सुनो ना, उतरो!"

काकू धापा टाकत मागून आल्या. "सरळ येऊ देऊ नको, मधे खोल आहे. त्या काळ्या खडकाकडनं." त्यांनी पदर हलवून ह्यांना दिशा दाखवली.

हे पाण्यात उतरले. गुडघे, कंबर, छाती. मी इकडून कमरेपर्यंत आत गेले. एका लाटेत ह्यांचं डोकं दिसेनासं झालं. मला देवाचं नावसुद्धा आठवेना. मग चष्मा नसलेला चेहरा वर आला आणि माझ्या मनगटात नखं रुतली.

वाळूवर बसून हे खारं पाणी ओकले. नंतर म्हणाले, "तू म्हणालीस, आभाळ बघा." रागानं नाही, नुसतंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पाणी उतरल्यावर गावकऱ्यांनी दोर लावून गाडी ओढून काढली. मी काकूंना विचारलं, तुम्हाला वेळ कशी कळते? "तिथीवरनं. चौथीत शाळा सुटली माझी, पण एवढं इथं पोराटोरांनाही कळतं."

तिथी मलाही माहीत होती. सकाळी धाब्यावर ह्यांनी ऑम्लेट मागितलं, तेव्हा 'आज पौर्णिमा आहे' म्हणून मीच अडवलं होतं. आणि परीक्षेत चंद्र, पृथ्वी, सूर्य एका रेषेत मीच काढले होते, पट्टी लावून.

माधव नगरच्या आमच्या घरात आता रविवारी दुपारी हे झोपले की मी दोनदा तरी आत जाऊन बघते. श्वास चालतोय ना, एवढंच. हे डोळे न उघडता विचारतात, "पाणी आलं का, मॅडम?"