ताईंनी न लिहिलेला शब्द

आदरणीय नलिनीताईंना मी प्रथम पाहिले ते आमच्या अमरावतीच्या छापखान्याच्या पायरीवर. त्या अकोल्याहून एसटीने आल्या होत्या. हातातल्या कापडी पिशवीत त्यांच्या कादंबरीचे हस्तलिखित होते. माझे शिक्षण अकरावीत सुटलेले, नोकरी नवीन. अक्षरजुळणी करताना आलेल्या शंकांची यादी मी घाबरतच त्यांच्यापुढे धरली. एका प्रकरणात आजोबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पुढच्या प्रकरणात उजव्या.

"अरे बाप्पा! म्हाताऱ्याचे दोन्ही डोळे घालवले मी," ताई म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. जाताना मालकांना सांगून गेल्या, "याच्यापुढे माझ्या पुस्तकाले हाच पोरगा हात लावीन."

ताईंच्या अध्यापनाविषयी आणि त्यांनी घडवलेल्या विद्यार्थ्यांविषयी या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलेच आहे. ती पानेही मीच जुळवली आहेत. मी फक्त एका शब्दाविषयी लिहितो.

ताईंच्या बहुतेक कादंबऱ्या एकेकट्या आहेत. बार्शीटाकळीच्या एका कुटुंबाची कथा मात्र त्यांनी चार भागांत योजली. पहिल्या भागाच्या शेवटी थोरला मुलगा दिनकर वडिलांशी भांडून घर सोडतो. दुसऱ्या भागात तो येत नाही, तिसऱ्यातही नाही. हे दोन भाग माझ्याआधीच्या जुळाऱ्यांनी केले होते. तिसरा माझ्याकडे आला. त्याच्या शेवटच्या ओळीत आई दिनकरची सायकल पुसून पुन्हा भिंतीशी उभी करते. त्याखाली कागद कोरा होता.

एकेकट्या कादंबरीखाली ताई स्वतःच्या हाताने 'समाप्त' लिहीत. येथे तो शब्द नव्हता. शेवटची मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासून ताईंनी परत पाठवली आणि त्यानंतर मी तो घातला. एवढ्या तेवढ्या गोष्टीसाठी अकोल्याला फोन करणारा मी, या वेळी कुणालाही विचारले नाही.

पुस्तक बाहेर पडले आणि ताईंकडे पत्रे येऊ लागली. कथा अशी अर्ध्यात का संपवली, असे वाचक विचारत होते. मालकांनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. हे कळताच ताई दुसऱ्याच दिवशी आल्या; मी पगाराच्या हिशोबासाठी छापखान्यातच होतो. "तो शब्द मीच फोनवर सांगितला होता. याचा काही कसूर नाही," त्या मालकांना म्हणाल्या. ते खरे नव्हते. मालक हा लेख वाचतील, हे ठाऊक असूनही मी आज ते लिहीत आहे.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारले, "आता मले खरं सांग. काहून घातला तो शब्द?"

मी म्हणालो, "ताई, दिनकर येणारच नाही, असं वाटलं मला." मग माझा दादाही असाच भांडून सुरतेला गेल्याचे मी सांगितले. तो फोन उचलत नाही, हेही सांगितले. ताई चालू लागल्या. थोडे चालल्यावर म्हणाल्या, "चाल, तुह्या घरी जाऊ. भाकर खाईन मी."

आईने वांग्याची भाजी केली. मी कादंबरीचे तिन्ही भाग तिला वाचून दाखवले होते. वाढता वाढता तिने विचारले, "ताई, तो दिनकर येते का हो वापस?"

"मलेच अजून माहीत नाही, बाई."

"मंग लिहून पाहा ना. लिहिल्याबिगर कसं समजीन?"

त्या दिवशी ताई दोन भाकरी जेवल्या.

पुढे अकोल्याच्या एका वाचनालयात ताईंचा वाचकांशी संवाद झाला. भागांची कादंबरी बरी की एकटी, यावर तेथे चांगलीच जुंपली. एक वयस्क वकील उठून म्हणाले, "ताई, जे काय आहे ते एकाच पुस्तकात आटपा. आमचं वय पाहा जरा!" तेल्हाऱ्याहून आलेल्या एक बाई मागून म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमाले घाई आहे तर तुमी एकटं पुस्तक वाचा. आमाले त्या घरात राहायची सवय झाली." सभागृह हसले. ताई म्हणाल्या, "एकटं पुस्तक वाचून झालं की माणूस आपल्या घरी जाते. भागांचं वाचणाऱ्याले मी दारातच उभं करून ठेवलं आहे. त्याचा भार मले वाटते." हे बोलताना त्या वकिलांकडे पाहत नव्हत्या. आई माझ्या शेजारी बसली होती, तिच्याकडे पाहत होत्या.

चौथ्या भागाची प्रकरणे आता एकेक करून येत आहेत. ताईंचे अक्षर थोडे कापरे झाले आहे, पण वाचता येते. शेवटचे प्रकरण तेवढे यायचे आहे. दर प्रकरणासोबत चिठ्ठी असते, 'आईले वाचून दाखव'. मी दाखवतो. दिनकर अजून आलेला नाही. दादाचा फोन गेल्या महिन्यात एकदा आला. आईने "जेवला का?" एवढेच विचारले आणि तो "हो" म्हणाला.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि हात शेवटच्या ओळीपर्यंत साथ देवोत, अशी मी मनापासून प्रार्थना करतो. शेवटच्या पानावर या वेळी माझ्या मनाने मी एक अक्षरही घालणार नाही. हा लेख आईला वाचून दाखवला, तेव्हा तिने तिचाही निरोप घालायला सांगितला. तो तिच्याच शब्दांत देतो :

"ताईले म्हणा, तब्येत सांभाळून लिहा, घाई करू नका. पण येऊ द्या त्याले."