फोटोच्या कडेला उभी असलेली बाई

कॅनडात, विनिपेगच्या शाळेत नववीत गेल्यापासून माझ्या लेकीला, सईला, इतिहासाने संशयी करून टाकलं आहे. त्या दिवशी पुस्तकात एक जुना फोटो होता. घरापासून तोडून आणलेली इथल्या आदिवासींची मुलं, एकसारखे केस कापून शाळेपुढे उभी केलेली. खाली लिहिलं होतं, ‘आनंदी विद्यार्थी’.

"आई, यातलं एक तरी पोर हसतंय का बघ," सई म्हणाली.

मी बघितलं. कुणीच हसत नव्हतं. मग तिची नजर आमच्या भिंतीवरच्या, तिच्या पणजोबांच्या लग्नाच्या फोटोकडे वळली.

"कडेला ही कोण गं? सगळ्यांनी तिच्याकडे पाठ का केलीय?"

इतकी वर्षं तो फोटो पुसत आले, पण मला ती बाई कधी दिसलीच नव्हती. मी साताऱ्याला बाबांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्या बाईबद्दल विचारलं.

"असेल कुणी कामवाली," बाबा तुटकपणे म्हणाले. त्यांना फोन ठेवायची घाई झाली होती आणि तिथेच मला शंका आली.

"बाबा, खरं सांगा."

"माझी आत्या. विधवा होती. फोटोत येऊ नकोस म्हणून बजावलं होतं, तरी येऊन उभी राहिली."

सईने फोन माझ्या हातातून घेतला. "आजोबा, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच," बाबा म्हणाले. "मला तिनंच वाढवलं, बाळा."