न विचारणारं नोटपॅड

मुलगी मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसली होती, तेव्हा तिने आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले होते. लग्न होऊन ती मनमाडला गेली, स्टिकर राहिले. माझी शाळा चौथीपर्यंतच झालेली. दुपारी घरात कुणी नसलं की मी एकेक अक्षर शोधत लिहायला लागले. नोटपॅड कसं उघडायचं ते तिनेच दाखवलं होतं.

मला त्यातलं आवडायचं ते बंद करणं. लिहून झालं की कोपऱ्यातली फुली दाबायची, मग ते विचारायचं, ठेवायचं का? इंग्रजीत तीन बटणं यायची. मधलं म्हणजे नको, एवढं मला पाठ होतं. ते दाबलं की सगळं जायचं. जे कुणाशी बोलता येत नाही ते मी लिहायचे आणि घालवून टाकायचे.

मग तो कॉम्प्युटर बंद पडला आणि मुलाने लॅपटॉप आणला. मुलीने मनमाडहून नवे स्टिकर पाठवले. यातही नोटपॅड आहे, पण वेगळं. वर टॅब असतात, आणि फुली दाबली की काही न विचारता बंद होतं. मला वाटलं, हे आपलं आपणच पुसून टाकत असेल.

एका दुपारी मी सुनेबद्दल लिहिलं. ती वाईट नाही. पण मला कुणी काही विचारलं की मी शब्द जुळवेपर्यंत तीच उत्तर देऊन मोकळी होते, आणि मग मी तिथे नसल्यासारखी बसून राहते. एवढंच लिहिलं, फुली दाबली आणि भाजी निवडायला बसले.

संध्याकाळी सुनेने कसलासा नंबर टिपायला नोटपॅड उघडलं. मी मागे कपड्यांच्या घड्या घालत होते. पडद्यावर माझंच लिहिलेलं, जसंच्या तसं. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे तिने वाचलं की नाही, किती वाचलं, काही कळेना. जरा वेळाने तिने शेजारी नवा टॅब उघडला आणि नंबर लिहिला.

"आई," ती न वळताच म्हणाली, "यात मोठी फुली दाबली तर लिहिलेलं तसंच राहतं. टॅबवरची छोटी फुली दाबायची. मग विचारतं ते."

मी बरं म्हणाले. रात्री जेवताना ती मुलाला सांगेल का, आत्ताच सांगेल का, या धास्तीने माझं सगळं लक्ष तिच्याकडेच होतं. तिने काही सांगितलं नाही. त्यामुळे तर मला जास्तच भीती वाटायला लागली.

रविवारी शेजारच्या काकू आल्या. देवळाली कॅम्पला त्यांच्या भाचीकडे डोहाळजेवण होतं. तुम्ही येणार ना, असं त्यांनी मला विचारलं. सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं. चहाचा कप हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. काकूही बघत राहिल्या. मला जायचं नव्हतं, पण ते कसं सांगायचं हेच सुचेना. सून काही बोलेल म्हणून मी थांबले. ती बोलली नाही.

"मला नाही यायचं," मी म्हणाले. फारच मोठ्याने निघालं ते.