दहा मोजून चुकवलेला चेंडू

पणदरे गावात टीव्हीवर मुंग्या आल्या की जयवंताला हाक जायची. गडी पत्र्यावर चढायचा, अँटेना जरा इकडं जरा तिकडं, की चित्र लख्ख. एकदा तारेचा फटका डाव्या डोळ्यात बसला. डोळा दिसायला धडधाकट राहिला, नजर तेवढी गेली. काम सुटेल या भीतीनं त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पुढं अँटेना गेल्या आणि तो बारामतीत टीव्हीच्या दुकानात लागला. थ्रीडी टीव्ही मागवायला मालक कचरत होता. "घरोघरी चालणार, लिहून घ्या!" हे जयवंताच छाती ठोकून म्हणाला. थ्रीडीची जादू दोन्ही डोळे असले तरच दिसते; त्या बिचाऱ्याला ती कुठं ठाऊक होती? सहा महिने एकही खपेना. शेवटी मालकानं बजावलं, "तुमच्या पणदऱ्याच्या आप्पासाहेबांकडं बसव. परत आणलास तर उद्यापासून येऊ नकोस."

आप्पासाहेबांकडं टीव्ही लागला. चष्मे दोनच. एक त्यांनी घातला. दुसऱ्याला सून स्वप्नालीनं हात घातला, तर ते गरजले, "आधी पावण्याला!"

जयवंतानं चष्मा चढवला. दुकानात गिऱ्हाइकांच्या माना कधी हलतात ते बघून बघून त्यानं नमुन्याची सीडी पाठ केली होती. घोडा गेला की दहा मोजायचे, मग चेंडू अंगावर येतो. घोडा गेला. आठ, नऊ, दहा. त्यानं झटकन मान चुकवली. आप्पासाहेबांनीही चुकवली. "आयला, खरंच की!"

तेवढ्यात लाईट गेली. आली तेव्हा स्वप्नालीनं रिमोट दाबला आणि सीडी भलतीकडूनच सुरू झाली. घोडा नाही, काही नाही. अंदाजानं जयवंतानं मान खाली घातली, तर पडद्यावर नुसतं फुलांचं शेत. मग कसलासा पक्षी आला. आप्पासाहेब खुर्चीसकट मागं सरकले, आणि हा ढिम्म.

"जयवंता, तुला दिसतंय का न्हाय?"

थाप ओठांवर आली होती. पण आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"न्हाय आप्पा. डावा डोळा गेलाय. अँटेनाची तार लागली."

"कुणाच्या पत्र्यावर?"

जयवंता टीव्हीचं खोकं आवरायला लागला.

"आरं, कुणाच्या?"

"तुमच्याच."

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. जयवंताच्या डोळ्यांवरचाही त्यांनीच हळूच काढला, आणि दोन्ही त्याच्या खिशात घातले.

"टीव्ही ऱ्हाऊ दे. हे घिऊन जा. तुला दिसतं तेवढंच आमी बगू."