अर्धी करंगळी

माझी आत्या कुणावर विश्वास ठेवत नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दुकानदारालाच मोठ्याने वाचायला लावते. एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून आणते. मी जेवले म्हटलं तर ताट कुठाय म्हणून विचारते. अशा बाईला वाचनालयात वर्तमानपत्रांची कात्रणं काढायची नोकरी मिळाली, आणि सरकारने वर भिंगही दिलं.

सव्वीस वर्षं ती त्याच टेबलाशी बसते. डावीकडे आपली वर्तमानपत्रं, उजवीकडे पलीकडच्या देशाची. ती टपालाने आठ दिवस उशिरा येतात. त्यांची भाषा ती नोकरी करता करता शिकली. अठरा दिवसांचं ते युद्ध दोन्हीकडे दरवर्षी नव्याने जिंकलं जातं. आपले म्हणतात, आम्ही त्यांना नदीपार हाकललं. ते म्हणतात, आम्ही यांना नदी ओलांडू दिली नाही. आत्या दोन्ही कात्रणं समोरासमोरच्या पानांवर चिकटवते आणि खाली पेन्सिलीने लिहिते, 'पुरावा?' एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. नदीवरचा पूल पंधराव्या दिवशी पडला.

माझे बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, त्या युद्धात गेले. तिसऱ्या दिवशी, असं सरकारी पत्रात आहे. मी जन्मले पाचव्या दिवशी. आईने दवाखान्यातूनच त्यांना पत्र टाकलं, मुलगी झाली म्हणून. पण ते पोचणार कुणाला? म्हणजे मी आहे हे बाबांना कधी कळलंच नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि दर वेळी मला राग आला. दोन दिवस थांबता आलं नसतं का, असा अगदी बाबांचासुद्धा.

यंदा त्या युद्धाला तीस वर्षं झाली. आपल्याकडच्या वर्तमानपत्राने पानभर फोटो छापला. मोडक्या पुलावर आपले चार सैनिक, वर मथळा, 'पूल घेतला तो क्षण'. आठ दिवसांनी पलीकडचा अंक आला. त्यातही मोडका पूल, तीन सैनिक आणि मथळा, 'पूल राखला तो क्षण'.

मी तेव्हा आत्याचा डबा द्यायला गेले होते. "पडलेला पूल राखतात होय?" ती म्हणाली. "आणि हे दीडशहाणे तो घेतात तरी कसा?"

तिने दोन्ही फोटो कापले. भोवतीची पांढरी कड ती कधीच ठेवत नाही, रजिस्टरात जागा वाचते म्हणून. त्यामुळे टेबलावर दोन्ही तुकडे शेजारी पडले तेव्हा मध्ये काहीच उरलं नाही. पुलाचा वाकलेला कठडा एका फोटोतून थेट दुसऱ्यात गेला.

फोटो एकच होता. आपल्या बाजूच्या शेवटच्या सैनिकाने तोंड फिरवलं होतं आणि त्याचा हात कोपरापाशी कापलेला होता. तो हात पलीकडच्या फोटोत होता. बोटांत पेटती काडी, आणि त्यांचा एक सैनिक तोंडातली सिगारेट पेटवायला तिच्यावर वाकलेला.

आत्याने भिंग धरलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"करंगळी बघ," ती म्हणाली.

करंगळी अर्धीच होती.

आजोबांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. आत्या बारा वर्षांची असताना तिने कागद कापायचं पातं खाली ओढलं आणि खाली धाकट्या भावाचा हात होता. ती करंगळी ती कुठेही ओळखेल.

"पूल पंधराव्या दिवशी पडला," ती म्हणाली. "मग तिसऱ्या दिवशी कोण मेलं?"

तिने दोन्ही वर्तमानपत्रांना लिहिलं, अख्खा फोटो पाठवा. दोघांचंही उत्तर आलं, आम्ही छापला तोच अख्खा आहे. तीस वर्षांत दुसऱ्यांदा ते एका सुरात बोलले. सरकारी कचेरी कागद तपासून कळवणार होती, ती अजून तपासतेच आहे. माझ्या मनात मात्र भलतीच पाल चुकचुकत होती. शत्रूला काडी पेटवून देणाऱ्या माणसाचं पुढे आपल्याच लोकांनी काय केलं असेल? आत्याच्या मनात ते माझ्याआधीच येऊन गेलं असणार.

आईला सांगू नये असं आत्याचं मत होतं. "वहिनींनी एका तारखेवर तीस वर्षं काढली," ती म्हणाली. "ती काढून घेतली तर बदल्यात देणार काय?" पण मी हट्टच धरला.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आत्याने रजिस्टर उघडून तिच्यापुढे ठेवलं. आईने करंगळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. खोटं कोण बोललं, हे तिने विचारलंच नाही.

"हा पंधराव्या दिवसानंतरचा?"

"पूल पडलेलाच आहे, वहिनी. त्याआधीचा असूच शकत नाही."

आई बोटांवर दिवस मोजू लागली. पुटपुटत मोजून झाल्यावर तिने पुन्हा पहिल्यापासून मोजले. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, मी पाचव्या दिवशी टाकलं होतं. फार तर आठवडा लागायचा. मग माझं पत्र ह्यांना मिळालं असेल हो!"

मला धडकीच भरली. आता आत्या विचारणार, लढाईत टपाल चालू होतं कशावरून, दिलं कुणी, सही कुठाय. तिने तोंड उघडलंही. मग आईकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं.

"मिळालंच," ती म्हणाली. "मुलगी झाल्याचं कळल्याशिवाय का कुणी शत्रूला काडी पेटवून देतं?"

मी पुरावा मागितला नाही.